जिद्दीच्या मागचे हात

बारावीचा निकाल लागला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास असते. कधी ती हमालाच्या मुलाची असते, कधी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीची, तर कधी वडील वारल्यावर घरोघर पेपर टाकून शिकलेल्या पोराची. नव्वद टक्के गुण, आई पेढा भरवते आहे असा फोटो आणि वर ठळक मथळा : 'परिस्थितीवर मात'. मीही ती बातमी आवडीनं वाचतो, घरात मोठ्यानं वाचून दाखवतो. आनंद खराच असतो. पण अलीकडे त्यामागोमाग मनात दुसरे विचार येतात. हा मुलगा आता कॉलेजात जाईल, तिथं त्याचं काय होईल? त्याच्याच बाकावर बसणारा, तशाच घरातून आलेला, पण पन्नास टक्क्यांवर थांबलेला मुलगा कुठं जाईल? आणि आपण जिला 'मात' म्हणतो ती खरंच एकट्यानं करता येते का?

श्रोतेहो, या प्रश्नांकडे आज इतिहासाच्या अंगानं पाहू या. मी इतिहासाचा पंडित नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. राहतो रायगड किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनला. घरात आम्ही कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकलो. आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. एका बाजूला दिघीची खाडी, दुसऱ्या बाजूला दिवेआगरच्या वाड्या, मागं डोंगर. शिकायचं म्हणजे गाव सोडायचं, हे इथं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आणि गाव सोडणारं पोर पाठीवर काय काय बांधून निघतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

बोर्लीहून श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला यावं. तिथं फेरीबोटीत बसून बाणकोटची खाडी ओलांडली, की पलीकडे वेसवी. तिथून वर चढलं की मंडणगड तालुका आणि त्याच्या पुढं दापोली. खाडीपलीकडच्या या दोन तालुक्यांत दोन गावं आहेत. दापोलीतलं समुद्रकाठचं मुरूड (आमच्या जंजिऱ्याजवळचं मुरूड वेगळं) हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. आणि मंडणगडातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पूर्वजांचं गाव. दोघेही पुढं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. कर्वे १८८४ मध्ये, बाबासाहेब १९१२ मध्ये. दोघांनाही आपण 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' या एकाच मथळ्याखाली बसवतो. जरा जवळ जाऊन पाहिलं, तर मात्र पुष्कळ वेगळं दिसतं.

कर्व्यांचा जन्म १८५८चा. घराणं एके काळी बऱ्या स्थितीतलं, पण त्यांच्या लहानपणी दिवस ओढगस्तीचे होते. १८७५ मध्ये, सतरा वर्षांचे असताना, एका सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला पायी निघाले. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये सह्याद्री. पाय सुजवून पोहोचले, तर परीक्षा समितीनं त्यांच्याकडे पाहून सांगितलं, तू सतराचा दिसत नाहीस. परीक्षेला बसूच दिलं नाही. आल्या वाटेनं परत. ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे आणि ती नेहमी जिद्दीचा धडा म्हणून सांगितली जाते. पण कर्व्यांच्या स्वतःच्या आठवणींत आणखीही माणसं आहेत. गावात सोमण गुरुजी होते. त्यांनी मुलांना पुस्तकांची, वर्तमानपत्रांची गोडी लावली. वाटेत बरोबरीचे सोबती होते. थोरल्या भावाचा आधार होता. मॅट्रिक व्हायला त्यांना तेविसावं वर्ष उजाडलं. आजच्या हिशेबानं तो 'मागे पडलेला' विद्यार्थी. त्या काळात त्याला कुणी मोडीत काढलं नाही, म्हणून तो मुंबईत शिकवण्या करत करत गणित घेऊन बी.ए. झाला.

आणि नोकरीला लागल्यावर या माणसानं काय केलं? १८८६ मध्ये 'मुरूड फंड' काढला. गावाबाहेर पडून मिळवत्या झालेल्या मुरूडकरांनी आपल्या कमाईतला थोडा हिस्सा गावासाठी द्यायचा, अशी ती योजना. स्त्रीशिक्षणाचं त्यांचं अफाट काम नंतर उभं राहिलं. त्याच्या आधीचं हे लहानसं काम मला फार मोलाचं वाटतं. आपण एकट्यानं वर आलो नाही, याची जाण त्यात आहे.

त्या काळात गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची एक रीत होती, वार लावून जेवण्याची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी. नाहीतर माधुकरी मागायची. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं. आजचं पुणे विद्यार्थी गृह ते हेच. तिथली मुलं माधुकरी मागून आणत आणि शिकत. या रीतीत अपमान होताच. कुणाच्या दारात उभं राहून शिळं-ताजं जे मिळेल ते घ्यायचं, यजमानीणबाईंचा चेहरा वाचायचा, एखाद्या घरचा वार चुकला तर त्या दिवशी उपास. तरीही ती एक व्यवस्था होती. गावानं मान्य केलं होतं, की शिकणाऱ्या पोराला खाऊ घालणं हे आपलं काम आहे.

पण हे 'गाव' म्हणजे कोण? वार लावून जेवायची सोय एका जातीच्या मुलांना होती. महाराच्या मुलाला वार कोण देणार? मुसलमानाच्या, धनगराच्या, कोळ्याच्या पोराला कोण देणार? जिद्द सगळ्यांकडे सारखी असू शकते. दार मात्र सगळ्यांना सारखं उघडत नव्हतं.

आता आंबडव्याच्या रामजी सकपाळांच्या मुलाकडे येऊ. भीमराव हे चौदावं अपत्य. पाच-सहा वर्षांचे असताना आई भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी सांभाळलं. शाळेत इतरांपासून वेगळं बसायचं, पाणी शिपायानं वरून ओतलं तरच प्यायचं. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिलं आहे, की वडील स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि तो उठल्यावर त्याच्या जागी आडवे होत. दोघांना एकाच वेळी झोपायला जागाच नव्हती. मला या प्रसंगात भीमरावांच्या इतकेच रामजी दिसतात. निवृत्त सुभेदार, हातात पैसा नाही, पण मुलाच्या अभ्यासासाठी आपली झोप मोडून देणारा बाप.

दुसरा हात कृष्णराव अर्जुन केळुसकरांचा. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा मुलगा या शिक्षकाच्या नजरेत भरला. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा भरली. केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढं कॉलेजच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टनमध्ये म्युलर नावाचे प्राध्यापक त्यांना पुस्तकं देत, कपडेही देत. त्याच कॉलेजातला हॉटेलवाला मात्र त्यांना चहा-पाणी देत नसे. एकाच इमारतीत एक माणूस अंगावर सदरा घालत होता आणि दुसरा पेला नाकारत होता.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बाबासाहेब अमेरिकेत, इंग्लंडमध्ये शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळेना. पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या लोकांनी हुसकावलं आणि ते बागेतल्या झाडाखाली बसून रडले. कोलंबियात शिकलेला माणूस! म्हणजे शिक्षणानं माणूस दगड होत नाही. लहानपणीचा घाव बुजला असं वाटतं, पण नेमक्या जागी बोट लागलं की तो पुन्हा ठणकतो. सोसूनही उभं राहणं म्हणजे दुखणं बंद होणं, असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा.

एकेका मुलाला एकेक केळुसकर भेटेल या भरवशावर समाज चालत नाही, हे ज्यांनी ओळखलं त्यांत राजर्षी शाहू महाराज पहिल्या रांगेत आहेत. १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं. मग एकामागून एक वसतिगृहं उघडत गेली. जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, पुढं आणखी कितीतरी समाजांची. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग निघालं आणि त्याचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. जातवार वसतिगृहं का, असं आज कुणी विचारेल. त्या काळात एका पंगतीत बसायला समाज तयार नव्हता, आणि पंगत जमेपर्यंत मुलांना उपाशी ठेवायला महाराज तयार नव्हते.

याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये एक मुलगा शिकत होता, कुंभोजचा भाऊराव पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं गेलं. त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं, अशी हकिकत आहे. हाच मुलगा पुढं कर्मवीर झाला. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

या बोर्डिंगचा इतिहास सांगताना लक्ष्मीबाईंना विसरून चालणार नाही. धान्य संपलं की कर्मवीरांच्या या पत्नीनं अंगावरचा एकेक दागिना काढून दिला आणि एके दिवशी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. बोर्डिंगातली मुलं, त्यांतली कितीतरी आईविना वाढलेली, त्यांना आईच मानत. वसतिगृह म्हणजे चार भिंती आणि छप्पर, असं सरकारी कागदावर लिहिता येतं. लक्ष्मीबाई कुठल्या रकान्यात लिहिणार?

कर्मवीरांनी आणखी एक अवघड गाठ सोडवली. वार लावून जेवण्यात जो मिंधेपणा होता तो त्यांनी काढून टाकला. 'कमवा आणि शिका' या योजनेत मुलं शेतात राबत, दगडमाती वाहत, इमारती बांधत आणि शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच पायावर. उपकार घेतल्याची भावना राहू नये, घेतलेल्या प्रत्येक घासामागं आपला घाम असावा. दुःखातून आलेल्या तरुण मुलाला भाकरीइतकीच मान ताठ ठेवायची सोय लागते, हे त्यांना कळलं होतं.

आतापर्यंत मी मुलग्यांविषयीच बोललो. मुलींचं लहानपण कसं होतं? देवरुखच्या गोदूबाईंचं लग्न आठव्या वर्षी झालं आणि तीन महिन्यांत त्या विधवा झाल्या. संसार म्हणजे काय हे कळायच्या आत तो संपलासुद्धा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथं दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३ मध्ये कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. मुरूड गावानं त्यापायी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी त्यांनी फंड काढला, तेच हे गाव. तरीही १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि वीस वर्षांनी, १९१६ मध्ये, महिला विद्यापीठ. एका सदनानं एका मुलीला थारा दिला, त्याची सावली किती दूरवर पडली पाहा.

बाबासाहेबांनीही हेच केलं. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सोलापूरला वसतिगृह, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पुढं मिलिंद नावानं ओळखलं गेलेलं कॉलेज. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावं म्हणून. वेळापत्रक हीसुद्धा माया असू शकते. मिलिंदमध्ये मराठवाड्यातल्या खेड्यांतून अनवाणी आलेली मुलं राहिली आणि तिथून मराठी साहित्याला नवा आवाज मिळाला. 'अस्मितादर्श'चे संपादक गंगाधर पानतावणे तिथंच शिकवत. कविता लिहिणारा म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या गोष्टी लहानपणी तोंडातून निघत नव्हत्या, त्या या मुलांनी वसतिगृहाच्या खोल्यांत एकमेकांना सांगितल्या. आपल्याला सोसावं लागलं त्यात आपला दोष नव्हता, हे त्यांना तिथं पहिल्यांदा कळलं.

आमच्या किनाऱ्यावर मोठी वसतिगृहं नव्हती. आमच्याकडे होती गावकीची खोली. कोकणातल्या कितीतरी गावांनी मुंबईत, चाळींमध्ये, गावाच्या नावानं खोल्या घेतलेल्या होत्या. हिंदूंच्या गावकीच्या होत्या, आमच्या जमातींच्याही होत्या. गिरणीत काम करणारा, जहाजाची वाट पाहणारा खलाशी, आखातात जाण्यासाठी व्हिसाची वाट पाहणारा पोरगा, सगळे तिथंच. जेवण खानावळवाल्या बाईकडे. मी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजसाठी मुंबईला गेलो तो डोंगरीतल्या अशाच एका खोलीत. भिंतीला खुंट्या आणि खुंटीला ट्रंकेची चावी, एवढीच प्रत्येकाची इस्टेट. तिथं एक म्हातारे खलाशी चाचा होते. निरक्षर. परीक्षेच्या दिवसांत दिवा रात्रभर जळायचा म्हणून बाकीचे कुरकुरायचे. चाचा डोळ्यांवर गमछा बांधून झोपायचे आणि इतरांना सांगायचे, "पोरगा वाचताय, गप पडा." त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. कुठला विषय घेतला आहेस, हेही विचारलं नाही.

माझ्याबरोबर कॉलेजात आमच्याच भागातला एक मित्र होता. वडील समुद्रावर गेले ते परतलेच नव्हते. आई माहेरी, हा मामाकडे वाढलेला. डोक्यानं माझ्यापेक्षा तल्लख. शेर एकदा ऐकला की पाठ. त्याच्या गावाची मुंबईत खोली नव्हती. एका दुकानात दिवसा काम करायचा आणि रात्री शटर ओढून आतच झोपायचा. आत दिवा लावायची परवानगी नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात तो यायचा बंद झाला. वर्गात हजेरीच्या वेळी काही दिवस त्याचं नाव पुकारलं गेलं, मग तेही थांबलं. त्याच्यात जिद्द कमी होती, असं मी कधीच म्हणणार नाही. आम्हा दोघांत फरक होता तो एका दिव्याचा आणि एका चाचांचा.

आपल्या इतिहासात जे दिसतं तेच जगातल्या अभ्यासकांनी मोजूनही पाहिलं आहे. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन संशोधक बाईंनी वयाच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, व्यसन, आईबापांचं आजारपण अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुलं चांगली, कर्ती, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय वेगळं होतं? स्वभावाचा भाग होताच. पण जवळजवळ प्रत्येकाला निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस लाभलं होतं. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीतरी. याहून महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. किशोरवयात जी मुलं भरकटली होती, त्यांतलीही पुष्कळ तिशीपर्यंत सावरली. त्यांना दुसरी संधी देणाऱ्या गोष्टींत एक होती तिथली सार्वजनिक कॉलेजं.

अमेरिकेतच सॅन डिएगो इथं १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारलं गेलं. मारहाण, हेळसांड, घरात दारू, आईला होणारी मारझोड, आईबापांची ताटातूट यांपैकी निदान एक तरी गोष्ट जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी अनुभवली होती, आणि हे बहुतेक सुस्थितीतले, विमा असलेले लोक होते. अशा अनुभवांची संख्या जितकी जास्त, तितके पुढच्या आयुष्यात शरीराचे आणि मनाचे आजार जास्त, असंही आढळलं. म्हणजे ही गोष्ट केवळ गरिबांच्या घरची नाही. कॉलेजच्या कुठल्याही वर्गात शिरा, तिथं असं ओझं वाहणारी मुलं बसलेली असतातच. ती तसं सांगत नाहीत एवढंच.

आमच्या भागातल्या मुलांचं म्हणाल, तर ३ जून २०२० हा दिवस इथं कुणी विसरणार नाही. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. कौलं, पत्रे उडाले, नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून नीट उत्पन्न हाती यायला सात-आठ वर्षं लागतात. म्हणजे एका दुपारात कित्येक घरांची पुढची सात-आठ वर्षं गेली. टाळेबंदीमुळे शाळा आधीच बंद होत्या. शिक्षण मोबाइलवर आलं होतं आणि आमच्याकडे वीजच गेली, कितीतरी गावांत काही आठवडे. २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर. मोडलेल्या वाडीत, विझलेल्या मोबाइलपुढं बसलेली, तेव्हा सातवी-आठवीत असलेली मुलं आज कॉलेजात आहेत. त्यांचे गुण आपण पाहतो. त्यांनी काय पाहिलं आहे, ते कोण विचारतो?

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. २०१८ पासून राज्यात अनाथ मुलांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. मनावर ताण आला तर बोलण्यासाठी 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तिथं मराठीतही बोलता येतं. हे सगळं हवंच. पण त्यानं चाचांची जागा भरून निघत नाही. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती काढली आणि ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. तिथं मुलाला खाटेबरोबर माणसंही मिळतात. असं काम जिल्ह्या-जिल्ह्यात, तालुक्या-तालुक्यात व्हायला हवं. मुंबईतल्या गावकीच्या खोल्या मात्र पुनर्विकासात एकेक करून जात आहेत. खोलीच्या बदल्यात पैसे येतात, त्यांची वाटणी होते. त्या खोलीत आणखी काय होतं, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आमच्या घरांत यतीम, म्हणजे पोरक्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवणं हे पुण्याचं काम मानतात. हिंदू घरांतही अनाथाला घास घालणं पुण्याचंच. भावना आपल्याकडे आहे. तिला व्यवस्थेचं रूप देणं तेवढं राहून जातं. शाहू महाराज, कर्मवीर, बाबासाहेब, कर्वे, पंडिता रमाबाई यांनी नेमकं तेच केलं. दयेचं वसतिगृह केलं, मायेचं वेळापत्रक केलं, कृतज्ञतेचा फंड केला.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. ज्या गावांतून मुलं शिकायला बाहेर पडतात, तिथल्या मिळवत्या माणसांनी एक 'मुरूड फंड' काढावा. रक्कम लहान असली तरी चालेल. गावकीच्या खोलीचे पैसे वाटून घेण्याआधी त्यातून दोन खाटा विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात. कॉलेजातल्या शिक्षकांनी हजेरीत सलग आठ दिवस उत्तर न आलेल्या मुलाच्या नावावर नुसती फुली मारू नये, एक फोन करावा. निकालाच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी त्या मुलाला आणखी एक प्रश्न विचारावा : तुला मदत कुणी केली? उत्तरात येणारी आजी, शिक्षक, शेजारी, खानावळवाली यांचीही नावं छापावीत. ती वाचून आणखी चार माणसं आपल्या घरातला दिवा कुणा पोरासाठी थोडा वेळ जळता ठेवतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)